वासाचे उदाहरण

चैत्रातले ऊन नांदेडला एकदम अंगावर येत नाही. ते आधी समोरच्या घराच्या काळ्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसते. टाकीच्या झाकणाची कड उजळते, मग ती उजळलेली कड टाकीच्या अंगावरून हळूहळू खाली उतरते, गच्चीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चादरीत शिरते, आणि चादरीवरची विटलेली फुले काही वेळ पुन्हा नवी दिसतात. त्यानंतर विजेच्या तारा. तारांवर ऊन ठरत नाही, तिथून गेल्याची खूण म्हणून एक बारीक रेघ तेवढी चमकून जाते. मग त्याची खिडकी. खिडकीला डासांची जाळी होती, आणि जाळीतून आत येताना उन्हाला चाळून घेतलेल्या पिठासारखा पोत येई. आधी भिंतीवरचे कॅलेंडर, मग लोखंडी कपाटाची मूठ, मग तनुजाने जाताना खुर्चीच्या पाठीवर टाकलेली आणि त्याने अजून न उचललेली हिरवी ओढणी. हरिओम जमिनीवर, भिंतीला टेकून हे पाहत बसे. बायको बाळंतपणाला लातूरजवळच्या मुरुडला, माहेरी गेली तेव्हापासूनची ही त्याची सवय होती. सकाळचे ऊन कुणाला काही विचारत नाही, म्हणून त्याच्यासमोर बसायला त्याला संकोच वाटत नसे. मग एक घटका अशी येई की कॅलेंडर, कपाट, ओढणी असे उजेडाचे वेगवेगळे तुकडे उरत नसत. ऊन कुठे आहे असे कुणी विचारले असते तर बोट दाखवता आले नसते, आणि ते नाही असा कोपराही सापडला नसता. स्पर्धा परीक्षांच्या ज्या क्लासमध्ये तो इंग्रजी शिकवी, तिथे रोज एक शब्द फळ्यावर लिहायचा असे. आजचा शब्द होता ‘पर्व्हेड’, म्हणजे व्यापून राहणे. त्याचे उदाहरण म्हणून हे ऊनच द्यावे, या विचाराने त्याला बरे वाटत होते. चहाचे दूध त्याने मंद आचेवर ठेवले होते. ते आठवून तो उठला, पण रोजच्यासारखी आधी देवापुढे उदबत्ती लावावी म्हणून फळीवरची काडेपेटी घेतली, काडी पेटीच्या कडेला टेकवली, आणि त्याच वेळी कुणीतरी दोन्ही हातांनी दार बडवू लागले.

“ओ सर! ओ हरिओम सर! दार उघडा आधी! गॅस सुटलाय की वो तुमचा!”

दार उघडताच घरमालकीण पार्वतीबाई तोंडाला पदर लावून त्याला बाजूला सारत आत घुसल्या. “काडी टाका खाली! टाका म्हणते ना! अन् बटनाला हात लावू नका, पंख्याच्या बी न्हाई.” त्याने काडी टाकली. आतून शेगडीची कळ फिरवल्याचा, मग खिडक्या एकामागून एक आपटत उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते रागाचे होते की गॅसचे, हे त्याला कळले नाही.

“दूध उतू गेलंय, जाळ विझलाय, अन् कळ चालूच. खाली जिन्यापर्यंत वास मारून राहिला. तुम्ही आत बसून काय करून राहिले?”

ऊन पाहत होतो, हे उत्तर खरे होते आणि देण्यासारखे नव्हते.

“नाक हाय का नुसतं शोभेला लावलंय?”

“सर्दी झालीय,” तो म्हणाला.

“सर्दी? या उन्हात?”

“कूलरसमोर झोपलो होतो.”

पार्वतीबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “सोमवारपासून तनुजा कामावर जाणार. तुमच्या क्लासपुरतं लेकरू माझ्याकडं, बाकी दिवसभर तुमच्या भरवशावर राहायचंय या घरात. अन् तुम्ही असे. थांबा, तिला फोनच करते मी.”

“नका करू, मावशी. घाबरेल ती. मी दुपारच्या गाडीने निघतोच आहे मुरुडला, दोघींना आणायला. मी सांगतो.”

“बरं. न्हाई करत,” त्या म्हणाल्या. ज्या सुरात म्हणाल्या त्यात फोन करणार हे स्पष्ट होते.

सर्दी नव्हती. हा शब्द त्याने इतका वापरला होता की त्याला आता स्वतःचे असे एक शरीर आले होते, कधी ते खोकेसुद्धा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अर्धापूरच्या घरी तो आणि आई एकाच आठवड्यात आजारी पडले. आई गेली, तो उरला, आणि त्याला वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, येईल. त्या एका शब्दाला धरून त्याने पावसाळे काढले. उदबत्तीचे म्हणाल तर तीत भक्ती फारशी नव्हती. रोज सकाळी ती लावून तो धुराच्या अगदी जवळ जाई, डोळे मिटे, आणि आज काहीतरी कळल्यासारखे झाले, असे स्वतःला सांगे. आज त्याच परीक्षेसाठी त्याने काडी हातात घेतली होती. खोलीभर गॅस होता, कपाटामागे, ओढणीच्या घड्यांत, उन्हाच्या बरोबरीने, उन्हाइतकाच शांतपणे, आणि तो मात्र उन्हासाठी वाक्य जुळवत बसला होता. काडी ओढली असती तर काय झाले असते, हा विचार त्याच्या मनात आला तो निराळ्याच रूपाने आला. त्याला खोलीच्या मधोमध एक पाळणा दिसला, जो अजून विकतही आणलेला नव्हता.

क्लासपर्यंतचा रस्ता चालताना त्याचे पाय हलके होते, जणू ते दुसऱ्या कुणाला पोचवायला निघाले होते. तरोडा नाक्यावर रसवंतीचे घुंगरू वाजत होते. शब्दाचा विचार करावा म्हणजे बाकीचे थांबेल, असे त्याने ठरवले. मराठीत या एका शब्दासाठी कितीतरी शब्द आहेत. अत्तर दरवळते, धूर कोंदतो, विष भिनते, ओल झिरपते, लोणचे मुरते, अफवा पसरते. देव व्यापून असतो. पसरणारी वस्तू आपल्याला हवी आहे की नको, हे मराठी माणसाला बोलण्याआधीच ठरवावे लागते. इंग्रजीला ती घाई नाही. आणि गॅस? गॅस नुसता सुटतो, दावे सुटलेल्या जनावरासारखा. मग जे माणूस सांगत नाही, ते कसे पसरते? आईचे दिवस झाल्यावर बहिणीने, उज्वलाने, तिची पेटी उघडली होती. आई पुरुषांच्या बरोबरीने बागेत घड उतरवायला जाई, त्यामुळे तिच्या सगळ्या साड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, ते कशानेही निघत नसत. उज्वलाने एका साडीत तोंड खुपसले आणि ती हुंदके देऊ लागली. मग तीच साडी तिने त्याच्यासमोर धरली. “दादा, येतोय ना रे आईचा वास? आजून येतोय ना?” कापड मऊ होते, गालाला गार लागले. ते कुणाचेही असू शकले असते. “हो,” तो म्हणाला. ते पहिले. त्या ‘हो’मध्ये काही वाईट नव्हते असे त्याला आजही वाटे. दुःखात बहीण एकटी पडू नये एवढेच त्याने पाहिले होते. पण त्यानंतर प्रत्येक ‘हो’ला त्या पहिल्याचा आधार मिळत गेला, आणि आता कुठून कुठपर्यंत काय पसरले आहे, हे त्याला स्वतःलाही बोट ठेवून सांगता आले नसते.

वर्गात त्याने शब्द लिहिला, खाली रेघ ओढली. जे हातात धरता येत नाही तेच पर्व्हेड करते, तो म्हणाला. पाहुणे घरभर पसरले तरी त्यांना हे क्रियापद लागत नाही. मुले हसली. त्याने तीन वाक्ये दिली. उन्हाने खोली व्यापली. शांततेने घर व्यापले. भीतीने गाव व्यापले. खडू ठेवून तो वळला तर पहिल्या बाकावरच्या लुंबिनीने हात वर केलेला. किनवटकडच्या एका जंगलातल्या गावाची ही मुलगी इथे हॉस्टेलात राहून तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करी, आणि तिच्या प्रश्नांना आडपडदा नसे.

“सर, वासाचं एक द्या की.”

“कशाचं?”

“वासाचं. मोबाईलवरच्या डिक्शनरीत पहिलं उदाहरण वासाचंच हाय. आमच्या पुस्तकात बी वासाचंच. तुम्ही ऊन दिलं, शांतता दिली, भीती दिली. सगळ्यात सोपं तेच सोडलं.”

“आमच्या हॉस्टेलातल्या मोज्यांचं द्या सर,” मागच्या बाकावरून सिद्धेश्वर म्हणाला. “अख्खा मजला पर्व्हेड करून राहिलेत.”

वर्ग पुन्हा हसला. हरिओमही हसला, नेहमीसारखा किंचित मागाहून. मग फळ्याकडे वळून त्याने लिहिले: पिकत्या केळ्यांच्या वासाने खोली व्यापली होती. हात सराईतपणे चालला. अर्धापूरला त्यांच्या घरामागे केळी पिकवायची एक खोली होती, अंधारी, बंद. वडील दार बोटभर उघडून म्हणत, “हरी, जा, बघ रे, झाली का?” आत काही दिसत नसे. तो दोन श्वास घेऊन बाहेर येई आणि सांगे, उद्या, किंवा आज संध्याकाळी, आणि ते बरोबर निघे. वडील शेजाऱ्यांना सांगत, आमच्या हरीला डोळे कशाला पाहिजेत. ती खोली त्याला आठवत होती. दाराची कडी आठवत होती, पायाखालचा पाचोळा, वडिलांचा दारातला पाठमोरा आकार. त्या आठवणीच्या मधोमध मात्र एक जागा कोरून काढल्यासारखी रिकामी होती, आणि आजवर तिच्याकडे त्याने सरळ पाहिले नव्हते.

“कसा असतो सर, केळी पिकतानाचा वास?” लुंबिनीने विचारले. “आमच्याकडं केळी न्हाई, नुसतं सागवान.”

“गोड,” तो म्हणाला.

“गोड तर सगळंच असतं.”

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरोखरच हवे होते. तो फळ्यावरच्या आपल्याच वाक्याकडे पाहत राहिला, दुसऱ्या कुणाच्या घराकडे पाहावे तसा. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

लातूरची बस भरली होती. लोहा गाव मागे पडले. उन्हात पडलेली रिकामी राने खिडकीतून मागे जात होती, आणि खिशातला फोन वाजला नाही तरी त्याची मांडी मधूनमधून थरथरल्यासारखी वाटत होती. पार्वतीबाईंनी एव्हाना फोन केला असेल. केला नसेल. केला असेल तर तनुजा आपल्याला लगेच का विचारत नाही? पुढच्या बाकावरच्या एका लहान मुलाला उलटी झाली. बाईने रुमालाने नाक झाकले, कंडक्टरने तोंड फिरवले, मग हरिओमनेही रुमाल काढून नाकाला लावला. लोकांची तोंडे हेच आता त्याचे नाक होते. ती तो इतकी निरखून वाची की लोकांना वाटे, हा माणूस किती लक्ष देऊन ऐकतो. लातूर जवळ येऊ लागले की पूर्वी डाळमिलांचा वास कळे, निदान कळे असे त्याला माहीत होते. आता तो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर ते शोधत होता आणि शेजारी झोपला होता.

लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात त्याला मुरुडला धोंड्याच्या जेवणाला बोलावले होते. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता देव. पुरण भरून तळलेले धोंडे ताटात, वर तुपाची धार, आणि जावयाने पहिला घास घेतल्याशिवाय घरात कुणी ताटाला हात लावायचा नाही. सासूबाईंनी, सत्यशीलाबाईंनी, त्याच्यासाठी म्हणून महिनोन् महिने साठवून ठेवलेले घरच्या म्हशीचे तूप होते ते. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत बसले होते. सासरे हनुमंतराव, ज्यांना घरात अण्णा म्हणत, मेव्हणा आनंदराज, दाराआड चुलत्या-मावश्या. त्याने घास घेतला. कोमट, मऊ, गोड. “छान झालंय,” तो म्हणाला. “जावई, तूप कमी पडलं का? वाढ गं तनू,” सासूबाई म्हणाल्या. त्याने आणखी तूप घेतले. धोंडा संपवला, दुसरा घेतला. मग घरच्यांनी घास घेतले, आणि एकामागून एक हात थांबले. आनंदराजने घास ताटाच्या कडेला काढला. “दाजी, जिभेला कुलूप लावलंय का वो तुमच्या?” सत्यशीलाबाईंनी तूप बोटावर घेऊन हुंगले आणि त्यांचा चेहरा पडला. तूप खवट झाले होते, पार खवट. “अगं माय,” त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “एवढं खवट तूप, अन् लेकरानं तोंड वाकडं केलं न्हाई. वर मागून घेतलं.” तेव्हा बोलायला काय हवे होते ते त्याला ठाऊक होते, पण सगळे त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होते त्या नजरेपुढे ते वाक्य फार लहान, फार क्षुद्र वाटले. आठ दिवसांत ही गोष्ट मुरुडभर झाली. हनुमंतरावांचा जावई म्हणजे देवमाणूस. त्याच संध्याकाळी गच्चीवर तनुजा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली होती. खाली बाजाराची गडबड होती. ती म्हणाली, “अण्णा मिठासाठी ताट फेकायचे. आईनं वाढलं की मी दाराआड उभी राहून त्यांच्या हाताकडं बघायची. मला वाटायचं, आपल्या नशिबी बी तेच हाताकडं बघणं. आज मी तुमच्या हाताकडं बघितलं.” तिने त्याचा हात धरला. “तुमच्यापुढं ताट ठेवताना मला भीती वाटत न्हाई.” त्या क्षणी सांगता आले असते. एक वाक्य होते. पण ते सांगणे म्हणजे तिने ज्यावर पहिल्यांदाच निर्धास्तपणे पाठ टेकली, ती भिंत आपणच काढून घेणे. आणि दुसरेही एक होते, ज्याचा तो विचार करीत नसे: तिच्या डोळ्यांत तो जसा होता, तसा तो स्वतःलाही आवडू लागला होता.

मुरुडला तो पोचला तेव्हा ऊन कलले होते. तनुजा दारातच उभी होती, कडेवर मुलगी. सात महिन्यांची पोर त्याला ओळखून हात पुढे करून झेपावली. त्यानेही हात पुढे केले.

“तिथंच थांबा!” तनुजा एक पाऊल मागे सरली. “सर्दी झालीय ना तुम्हाला? पार्वतीमावशीचा फोन आला होता.”

त्याचे हात तसेच राहिले.

“गॅसचं बी सांगितलं त्यांनी. जीव उडाला माझा. पण नाक चोंदलेलं असलं की होतं असं. त्यात तुमची काय चूक?” ती हसली. “आता नाक मोकळं होईस्तोवर हिला हात लावायचा न्हाई. हिला लागली सर्दी तर सोमवारी मी कामावर जाणार कशी?”

तो ओसरीच्या या टोकाला बसला, त्या टोकाला मुलगी. ती त्याच्याकडे पाहून हातपाय उडवत होती, मध्येच थांबून हा माणूस येत का नाही, अशा नजरेने बघत होती. महिनाभराने तो तिला पाहत होता. दात वर आला होता. सगळा दिवस ज्याची धास्ती घेतली तो फोन येऊन गेला होता आणि काही झाले नव्हते. खोट्याला त्याच्याआधीच घरात पाट मांडून मिळाला होता. सुटलो, असे वाटायला हवे होते. त्याऐवजी त्याला गुदमरल्यासारखे झाले, जणू दारे-खिडक्या बाहेरून कुणी प्रेमाने लावून घेत होते.

“जावई, हिकडं या,” सत्यशीलाबाईंनी आतून हाक मारली. त्यांनी पातेलेभर उकळत्या पाण्यात मूठभर ओवा टाकला होता. “घोंगडी घ्या डोक्यावरून. ओव्यापुढं सर्दी टिकत न्हाई, कुणाची बी.”

घोंगडीखाली अंधार होता. वाफ तोंडावर आली, पापण्यांवर पाणी जमले. तो आपोआप नाकाने श्वास घेऊ लागला, खोल, मग आणखी खोल, रोजच्या उदबत्तीसारखा. उष्णता आत जात होती, थेट मेंदूपर्यंत जात होती, आणि तिच्यासोबत काहीच जात नव्हते. हा अंधार त्या केळीच्या खोलीसारखा आहे, असे त्याच्या मनात आले. फक्त इथे दोन श्वास घेऊन बाहेर जाऊन सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हते.

“उघडलं का?” घोंगडीबाहेरून सासूबाई.

त्याने आणखी एक श्वास ओढला.

“अहो, उघडलं का नाक?” तनुजा. तिच्या आवाजात मुलीचे हसणे मिसळलेले होते. मुलगी दोन हातांच्या अंतरावर होती.

“उघडलं,” तो म्हणाला.

“बघ, म्हणलं नव्हतं मी?”

घोंगडी निघाली, चेहरा पुसला गेला, आणि त्याच्या मांडीवर अखेर ते उबदार, वळवळणारे ओझे आले. मुलीने त्याची बोटे धरली. त्याने टाळूवर ओठ टेकले. जावळ मऊ होते. लोक म्हणतात, तान्ह्या लेकराच्या टाळूला वास असतो. तनुजाने एक वाटी आणि चमचा त्याच्याजवळ आणून ठेवला.

“मी तेवढ्यात बॅग भरते. हे खिमट दुपारचं हाय, उन्हाचं आंबतंय लवकर. वास घेऊन बघा, अन् चांगलं असलं तर चारा तिला.”

ती आत गेली. वाटीत डाळतांदळाचे पिवळसर, घट्ट खिमट होते, वर किंचित साय धरलेली. त्याने वाटी नाकाशी नेली. वाटी कोमट होती. समोर वाचायला कुणाचे तोंड नव्हते. एकच तोंड होते, आणि ते उघडे होते, चमच्याकडे पाहत, दोन्ही ओठ चोखत. त्याने बोटाने जिभेला लावून पाहिले. आंबट लागले, की संशयच आंबट होता? दुसऱ्यांदा लावले. आता काहीच लागले नाही. आतून कपाटाचे दार वाजले. चांगले आहे म्हणावे? त्याने चमचा भरला. मुलगी चमच्याच्या दिशेने पुढे झुकली, तिच्या हनुवटीवर लाळेचा थेंब लोंबत होता, आणि चमचा हवेत थांबला. सोमवारी असाच थांबेल. मंगळवारी. दूध, पाणी, औषधाची बाटली, शेगडी. रोज कुणीतरी आतल्या खोलीतून सांगत जाईल, वास घेऊन बघा, आणि तो रोज दोनपैकी एक उत्तर अंदाजाने देईल, आणि त्यातले एखादे कधीतरी चुकेल. त्याने भरलेला चमचा वाटीत परत ठेवला.

“आंबलंय,” तो मोठ्याने म्हणाला. “टाकून द्या हे.”

सत्यशीलाबाई पदराला हात पुसत आल्या. वाटी उचलून त्यांनी नाकाशी धरली, त्याच्याकडे पाहिले, पुन्हा धरली.

“आंबलंय? अवो, आत्ता केलंय मी हे. दुपारचं कवाच म्हशीला घातलं. ताजं हाय, कोमट बी हाय आजून.” त्या हसल्या, पण हसू अर्ध्यात थांबले. “पहिल्यांदाच नाव ठेवलं जावयानं माझ्या हाताला. अन् ते बी नातीच्या घासाला.”

“तसं नाही, आई...”

“ऱ्हाऊ द्या. ठेवावं कधीतरी. जावई हाय.”

मुलगी भुकेने रडू लागली. तनुजा हातात मुलीचे झबले तसेच घेऊन बाहेर आली. तिने आईच्या हातातली वाटी हुंगली, नवऱ्याकडे पाहिले, आणि तिच्या कपाळावरची आठी दिसायच्या आत निवळली.

“अगं आई, त्यांची सर्दी उतरली न्हाई आजून. उगं म्हणाले तुझं मन राखायला, उघडलं म्हणून. ह्यांचं कायम असंच.” तिने मुलगी उचलून घेतली, चमचा घेतला, पहिला घास दिला. रडणे थांबले. “उद्या पुन्हा घेऊ वाफ. येईल वास दोन दिवसांत.”

सत्यशीलाबाईंचा चेहरा सैल झाला. सगळे पुन्हा जागच्या जागी बसत होते. त्याने फक्त गप्प राहायचे होते. गप्प राहणे त्याला येत होते, आणि त्याचे कौतुकही याच घरात सगळ्यात जास्त होते. तनुजा चमचा भरत होती, फुंकत होती, त्याच्याकडे पाहून हसत होती. त्या हसण्यात कसलीही भीती नव्हती.

“सर्दी नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“सर्दी कधीच नव्हती. मला वास येत नाही, तनुजा. गॅसचा नाही, ह्या खिमटाचा नाही, कशाचाच नाही.”

चमचा तिच्या हातात थांबला. सत्यशीलाबाई कधी त्याच्याकडे, कधी लेकीकडे बघत होत्या.

“कधीपासून?”

“तुला बघायला आलो त्याच्या आधीपासून.”

मुलीने चमच्याकडे हात नेला, तो तिने नकळत खाली घेतला. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून उतरली आणि त्याच्या हातांवर येऊन थांबली. ते मांडीवर उघडे पडले होते. मग ती जे बोलली ते त्याच्याशी की स्वतःशी, हे सांगणे कठीण होते.

“मग औषधपाणी करू. लातूरला चांगले डॉक्टर हायेत. येईल की.”

“नाही,” हरिओम म्हणाला. “तो आता येणार नाही.”